सीक्यूआर की रोक्ना?

दांडिया बाजारात चहा पिताना भाच्याने विचारलं, "मामा, शिडाच्या बोटीला कुठला नांगर घेऊ?" बडोद्यात बसून नांगराची चर्चा! असो.

सीक्यूआर आणि रोक्ना हे बोटीच्या नांगराचे दोन प्रकार. सीक्यूआर दिसायला अगदी शेतातल्या नांगरासारखा. १९३३ चं पेटंट, फाळ बिजागरीवर हलणारा. कडक वाळूत मात्र तो कुशीवर पडून फरफटत जातो. रोक्नाच्या पाठीवर लोखंडी कमान. उलटा पडला तरी लोळून टोकावर येतो आणि रुततो. खंभातच्या आखातात साधारण दर सहा तासांनी प्रवाह उलटतो, तिथे उपटला तर पुन्हा रुतणाराच हवा. मी रोक्ना घेईन. फक्त कमान नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या, रोलरवर मावते का, ते आधी पुठ्ठ्याचा साचा कापून बघ. आणि साखळी भरतीच्या खोलीच्या किमान पाचपट सोड, ओहोटीच्या नव्हे.