मामा तलावातली डोंग्याची फेरी, कुमुदिनी बघायची तर इथंच जा

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधला येणारे बहुतेक लोक मोठा तलाव बघतात, फोटो काढतात अन् वापस जातात. पण तिथून जवळच एका गावात मासेमारी करणाऱ्या धिवर समाजाची पोरं मामा तलावात (म्हणजे माजी मालगुजारी तलावात, जुन्या मालगुजारांच्या वेळच्या) डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, फिरवून आणतात, माणशी 150 रुपये, अन् पावसाळा संपता संपता जाल तर पैसे पुरे वसूल.

काठाच्या उथळ पाण्यात पांढरी कुमुदिनी नुसती पसरून राहिली. लोकांना वाटते हे फूल साताऱ्याच्या कास पठारावरच असते, तसं नाही भाऊ, आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत उष्ण भागातल्या साचलेल्या पाण्यात ते आहे अन् आपल्या गोंदिया-भंडाऱ्यातही आहे. दिसायला कमळासारखं, पण त्याचं कूळ वेगळंच. पोरानं डोंगा अगदी जवळ नेला, फूल न तोडता पान हलकंच उचलून दाखवलं, तर फूल पानाच्या देठातूनच निघाल्यासारखं दिसते! पाकळ्यांवर बारीक पांढरे केस, मधोमध पिवळं. मग त्यानं वेगवेगळ्या झाडांची फुलं दाखवली, काहींत मधली दांडी लांब तर काहींत आखूड, दोन्ही तऱ्हेची झाडं जवळ असली अन् कीडे इकडून तिकडे फिरले तरच बी नीट धरते, म्हणून तलावात एकाच तऱ्हेची उरली तर पंचाईत. एवढं समजावून सांगणारा गाईड मला मोठ्या जंगल सफारीतही नाही भेटला.

तलावाच्या पाळीला (बांधाला) लागून आधी सगळी बेशरम नावाची रानटी झुडपं माजली होती म्हणे, गावच्या बायांनी ती उपटली अन् दुसऱ्या बोडीतून (लहान तळ्यातून) पाणवनस्पती आणून चिखलात लावल्या, कारण मासोळीला लपायला अन् अंडी घालायला त्याच लागतात. आता पानांवरून कमळपक्षी तुरुतुरु चालून राहिले होते, लांब बोटांमुळं पान बुडत नाही. हे बघायलाच मी पुन्हा जाईन.

कमी काय ते पण सांगतो. लाईफ जॅकेट मोजकेच आहेत, लेकरं असतील तर आधीच फोनवर सांगून ठेवा. अन् डोंगा उशिरा निघाला, ते बरोबर नाही, कारण एक फूल एकच दिवस टिकते अन् दुपारनंतर कोमेजून जाते, त्यामुळं सकाळचीच वेळ पक्की करून घ्या. ग्रास कार्प सोडू नका असं मी त्यांना सांगून आलो, तो मासा सगळ्या वनस्पती खाऊन टाकते, ते म्हणाले आम्ही सोडतच नाही.

5 पैकी 4.