सुझुकी डीआर ६५० एसई: एकट्याच्या वाळवंटी डोंगरवारीसाठी

पायथ्याला तापलेली वाळू आणि काटेरी झुडपं, मध्ये सुट्या दगडांचे चढ, आणि दीड-दोन हजार मीटर वर गेलं की जुनिपर-पाइनचं गार जंगल. अशा भागात तंबू घेऊन चार-पाच दिवस एकट्यानं फिरायचं तर गाडीचा टॉप स्पीड आणि मीटरवरचा रंगीत स्क्रीन दोन्ही मागे पडतात. ओढून न्यायला दुसरी गाडी नसते, ढकलायला दुसरा माणूस नसतो. आडरानात बंद पडली तर पिशवीतल्या पान्यांनी आपल्याच दोन हातांनी चालू होईल का, हा खरा प्रश्न. सुझुकीची डीआर ६५० ही मोटरसायकल या परीक्षेत अव्वल येते. मात्र निघण्याआधी तिच्यावर थोडं काम करावंच लागतं, आणि ते टाळलं तर हीच गाडी महागात पडते.

या गाडीची मूळ रचना १९९६ पासूनची आहे. एक सिलिंडर, ६४४ सीसी, हवेनं आणि ऑइलनं थंड होणारं इंजिन, मिकुनीचा ४० मिमीचा कार्ब्युरेटर, पाच गिअर. रेडिएटरच नसल्यामुळे दगडावर आपटून फुटायला काही नाही, आणि प्यायचं पाणी इंजिनात ओतायची वेळ येत नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट ठरवणारे भाग, साध्या स्क्रू आणि लॉकनटचे आहेत. इंजिन पूर्ण थंड असताना इनटेकला ०.०८ ते ०.१३ मिमी आणि एक्झॉस्टला ०.१७ ते ०.२२ मिमी फट ठेवायची. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), पाना आणि पक्कड एवढ्यावर हे काम सपाट दगडावर बसूनही होतं. पेट्रोलचा पंप नाही, इंजेक्टर नाही. सिलिंडर एकच असला तरी प्लग दोन आहेत, म्हणून सुटे प्लगही दोन ठेवावेत.

आता दुखणी. सगळ्यात मोठं दुखणं सगळ्यात छोट्या भागाचं आहे. इंजिनाच्या उजव्या बाजूला, क्लचच्या मागे, न्यूट्रलचा दिवा लावणारा सेन्सर दोन बारीक स्क्रूंवर बसवलेला असतो. कंपनानं हे स्क्रू हळूहळू सैल होतात. एखादा सुटून गिअरच्या दातांत गेला तर गिअरबॉक्स अडकतो, कधी केसही फुटते. बाहेरून काहीच दिसत नाही, आवाजही येत नाही. म्हणून गाडी कितीही कमी चाललेली असो, हे काम आधी.

गाडी डाव्या अंगावर आडवी ठेवली तर ऑइल काढावं लागत नाही. आडवी करण्याआधी टाकी मात्र जवळपास रिकामी असू द्या. ब्रेकचं पेडल बाजूला घेऊन क्लचचं कव्हर उघडा. स्प्रिंग काढा आणि प्लेटा ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं फडक्यावर मांडत जा. मधल्या नटाखालचं वॉशर वाकवून लॉक केलेलं असतं, ते आधी सरळ करा, मग नट सोडा. बास्केट, म्हणजे प्लेटांचं भांडं, बाहेर आलं की सेन्सर समोरच दिसतो. त्याच्या मागे एक छोटी पिन आणि तिच्यामागे बारीक स्प्रिंग असते. सेन्सर झटकन ओढला तर दोन्ही उडतात, म्हणून बोट लावून सावकाश काढा. ओ-रिंग नवीन टाका. जुने स्क्रू परत न वापरता त्याच मापाचे अ‍ॅलनचे बोल्ट घ्या. आटे ब्रेक क्लीनरनं धुऊन पूर्ण सुकू द्या, कारण ऑइलचा थेंब राहिला तर लॉकटाइट (आटे घट्ट धरून ठेवणारा डिंक) धरत नाही. मध्यम ताकदीचं, निळं लॉकटाइट लावून हातानंच आवळा. खालचे आटे अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, जोर लावला की जातात. ज्यांना तेवढ्यानं समाधान नाही ते बोल्टच्या डोक्याला भोक पाडून दोन्हीत मिळून बारीक तार ओवतात, आणि आमच्या मते तेच योग्य. लॉक वॉशर परत नीट वाकवायचं आणि गॅस्केट नवीन टाकायचं, हे सांगायला नकोच. सवय नसलेल्याला अर्धा दिवस लागेल, पण पुन्हा कधी बघावं लागत नाही.

दुसरं काम पाच मिनिटांचं. चेनचा वरचा रोलर काढून टाका. चेन उडाली किंवा मध्ये दगड अडकला की हा रोलर फ्रेमला वेल्ड केलेल्या आपल्या कानासकट उपटून येतो. त्याच्यावाचून काही अडत नाही. खालचा रोलर ठेवा. पुढच्या स्प्रॉकेटपाशी केस सेव्हर, म्हणजे जाड लोखंडी पट्टी बसवून घ्या. तुटलेली चेन तिथेच गोळा होते आणि तिच्या तडाख्यानं इंजिनाच्या केसला भोक पडतं. सोबत येणारा प्लास्टिकचा इंजिन गार्ड दगडांच्या वाटेवर कुचकामी आहे. इंजिनाच्या पोटाखाली अ‍ॅल्युमिनियमची बॅश प्लेट हवीच. ही यादी वाचून गाडी रद्दी वाटेल, पण तसं नाही. दुखणी ठराविक आहेत, सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि एकदा उपाय केला की कायमची जातात. नव्या गाड्यांबद्दल असं छातीठोक सांगता येत नाही.

टाकी १३ लिटरची. सपाट कच्च्या रस्त्यावर सावकाश चालवलं तर लिटरला वीस-बावीस किलोमीटर मिळतात; खोल वाळूत आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या चढांवर पंधरा-सोळावर येतात. म्हणजे सामानासकट भरवशाचा पल्ला दोनशे किलोमीटर. अशा मुलखात तो अपुरा आहे. २० लिटरची टाकी सगळ्यात सोयीची. ३० लिटरचीही मिळते, पण ती भरली की पुढचं चाक वाळूत जड पडतं. पेट्रोलचा मूळ नळ व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर चालतो: इंजिन फिरत असेल तरच पेट्रोल सोडतो. टाकी पूर्ण कोरडी होऊन पुन्हा भरली तर नुसता स्टार्टर मारत बसू नका, बॅटरी उतरेल. नळ ‘प्राइम’वर करा, अर्धं मिनिट थांबा, कार्ब्युरेटरची वाटी भरू द्या, मग स्टार्ट करून नळ परत ‘ऑन’वर आणा. मोठ्या टाकीला बहुधा साधा हातनळ येतो. तेव्हा कार्ब्युरेटरकडची व्हॅक्यूमची नळी जिथून निघाली ते तोंड रबरी टोपीनं बंद करायला विसरू नका. उघडं राहिलं तर तिथून हवा आणि धूळ ओढली जाते आणि आयडलिंग बिघडतं. पेट्रोलवर चालणारा स्टोव्ह असेल तर नळी काढून, नळ ‘प्राइम’वर ठेवून लागेल तेवढं पेट्रोल बाटलीत घेता येतं. गॅसची डबी न्यावी लागत नाही.

याच वाटेवर कार्ब्युरेटरची खरी कसोटी लागते. सकाळी पायथ्याला, संध्याकाळी अडीच हजार मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन-चतुर्थांश असतो. ताकद त्या प्रमाणात घटते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त पडतं. हा सीव्ही जातीचा (हवेच्या ओढीप्रमाणे आपोआप उघडणारा) कार्ब्युरेटर असल्यामुळे बराचसा फरक तो स्वतः सांभाळून घेतो. गाडी चढते, फक्त आयडलिंग जड होतं आणि सकाळी प्लग काळे दिसतात. गंमत अशी की कंपनीतून ती मुळात लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडेल अशी सेट होऊन येते, त्यामुळे वर जंगलात छान चालते आणि खाली वाळवंटात हिसके देते, तापते. मिक्श्चर स्क्रूवर पितळी टोपी बसवलेली असते. ती सावकाश ड्रिल करून काढा, ड्रिल आत घुसू देऊ नका. मग स्क्रू पूर्ण बंद करून दोन ते अडीच फेरे उघडा. कार्ब्युरेटरमधल्या सुईखाली साधारण अर्ध्या मिलिमीटरचं वॉशर टाकलं की मधल्या पिकअपचे हिसकेही जातात. मुक्काम उंचावर असेल तर स्क्रू पाव फेरा आत, खाली उतरलं की परत बाहेर.

धुळीसाठी फोमचा फिल्टर आहे. दुसरा फिल्टर घरीच ऑइल लावून, पिळून, झिपच्या पिशवीत बंद करून न्यावा. वाळूत पेट्रोलनं फिल्टर धुवत बसणं धोक्याचंही आहे आणि जमिनीची घाणही. बसवताना कडेला ग्रीसचं बोट फिरवा. धूळ फोममधून कमी आणि कडेच्या फटीतून जास्त आत जाते.

गाडीचं वजन पेट्रोलसकट १६६ किलो. त्यावर तंबू, पाणी आणि पाने मिळून २०-२५ किलो चढतात. एकट्यानं उचलायची हीच मर्यादा समजा. पडली की हातनळ असेल तर आधी तो बंद, मग सामान उतरवा, हँडल एका बाजूला पूर्ण वळवा, सीटला पाठ लावून पायांच्या जोरावर उचला. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा. उभी केल्यावर स्टार्ट झाली नाही तर चोक न लावता थ्रॉटल पूर्ण उघडून स्टार्टर द्या, ओली झालेली प्लगची टोकं सुकतात. किक नाही, आणि एवढ्या मोठ्या एकाच सिलिंडरला धक्का स्टार्ट करणं एकट्याला उतारावरच जमतं. म्हणून छोटा जंप पॅक न्यावाच.

सामान कापडी पिशव्यांतच भरा. लोखंडी पेट्यांखाली पाय अडकला तर सोडवायला कुणी नसतं. पाण्याची पिशवी सर्वांत जड. ती सीटच्या पुढच्या कडेला किंवा फूटरेस्टच्या जवळ, खाली बांधा. मागच्या कॅरिअरवर दहा लिटर पाणी ठेवलं की चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि गाडी वळायचं नाव घेत नाही. सायलेन्सर उजवीकडे उंच आहे; पिशवी आणि त्याच्यामध्ये पत्रा नसेल तर पिशवी वितळते. तोच सायलेन्सर सुक्या गवतावर किंवा पाइनच्या काड्यांच्या थरावर टेकवून गाडी उभी करू नका. सायलेन्सरमधली जाळी (स्पार्क अरेस्टर) ठिणग्या अडवते, तापलेल्या पाइपला ती काय करणार?

टायर ट्यूबचे आहेत: पुढे २१ इंची, मागे १७ इंची. वाळवंटात काटे आणि डोंगरात धारदार दगड, त्यामुळे पंक्चर धरूनच चला. सामानासकट पुढे १८-२० आणि मागे २०-२२ पीएसआय ठेवा. लांब वाळू आली तर पंधरापर्यंत उतरवता येतं, पण रिम लॉक, म्हणजे टायरला रिमवर दाबून धरणारा चाप, असेल तरच. नाहीतर टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून उखडतो. जागा कमी असेल तर २१ इंची ट्यूब न्या, अडीनडीला ती मागेही बसते. सोल्यूशनच्या ट्यूबा छोट्या आणि न फोडलेल्या घ्या. एकदा उघडलेली उन्हात पंधरवड्यात वाळून जाते आणि हे नेमकं पंक्चर झाल्यावर कळतं.

गाडीला सेंटर स्टँड नाही, हा इथे मोठाच अडसर. गट असला तर दुसऱ्या गाडीच्या साइड स्टँडनं टायर रिमवरून दाबतात. एकट्यानं काय करायचं? पुढचा ब्रेक पट्ट्यानं आवळून बांधा, गाडी साइड स्टँडवर कलती करा आणि उजव्या बाजूनं स्विंगआर्मखाली घडीची टेकणकाठी लावा. मागचं चाक दोन बोटं उचललं गेलं की पुरे. चाक काढून आडवं ठेवा, एका बाजूवर दोन्ही टाचांनी उभं राहून थोडं थोडं सरकत फिरा. थंड टायर हटत नाही, उन्हात दहा मिनिटं ठेवला की सोडतो. बसवताना ट्यूबमध्ये अगदी थोडी हवा भरा, नाहीतर लिव्हरखाली चिमटते. शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी यावा अशा बेतानं सुरुवात समोरून करा. आत हात फिरवून काटा शोधल्याशिवाय ट्यूब घालू नका. काटा टायरातच असतो आणि हात फिरवताना बोटालाही लागतो, म्हणून कापड घेऊन फिरवा.

सस्पेन्शन मऊ आहे. पुढे जाड स्प्रिंग घालाव्यात. मागे २६० मिमी चालीपैकी स्वार आणि सामानासकट ७५-८० मिमी खाली बसेल एवढा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीचा दाब, द्यावा. सीट तासाभरात बोचते, बदलावी. अल्टरनेटर २०० वॉटचा आहे, त्यामुळे फोन आणि सॅटेलाइट मेसेंजर चार्ज होतात, पण गरम जॅकेटही जोडलं तर मंद फिरत्या इंजिनावर बॅटरी उतरू लागते. रात्री वर चांगलीच थंडी पडते, तिची सोय झोपायच्या पिशवीनं करावी, गाडीच्या विजेनं नाही. साइड स्टँड आणि क्लचच्या स्विचच्या वायरी कुठून जातात ते घरीच पाहून ठेवा. झुडपात एखादा तुटला तर जोडून टाकायला वीतभर वायर पुरते.

सीट ८८५ मिमी उंच आहे, ४० मिमी खाली घेता येते. तरीही टाच टेकत नसेल तर उतरत्या दगडावर एकट्यानं ही गाडी नको. अरुंद पायवाटाच करायच्या असतील तर होंडाची सीआरएफ ३०० एल हलकी आहे, १४२ किलो, पण टाकी फक्त ७.८ लिटरची. कावासाकीच्या केएलआर ६५० ला २३ लिटरची टाकी आणि चांगली सीट मिळते, पण वजन दोनशे किलोच्या वर. एकट्याच्या मुक्कामी प्रवासाला आमची पसंती डीआरलाच.

वापरलेली घेत असाल तर सिलिंडरच्या तळाशी ऑइल पाझरतंय का ते बघा. जुन्या वर्षांच्या गाड्यांत तिथलं कागदी गॅस्केट गळतं, त्याजागी धातूचं बसवायचं असतं. वरच्या रोलरचा कान फ्रेमपाशी तडकलाय का ते टॉर्च मारून बघा, आणि मालकाला न्यूट्रलच्या स्क्रूंचं काम झालंय का ते विचारा. त्याला प्रश्नच कळला नाही, तर काम झालेलं नाही.