झोटेरो: सूची त्याच्यावर सोपवा, नोंदी स्वतः तपासा

पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे शोधनिबंध तपासायला घेतले की मी आधी शेवटची पानं उघडते. संदर्भसूची नीट पाहिली तर कोणी काय वाचलंय आणि किती काळजीने वाचलंय, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. एका लेखकाचं पूर्ण नाव, दुसऱ्याची नुसती आद्याक्षरं. एका लेखाचं वर्ष कंसात, दुसऱ्याचं ओळीच्या शेवटी. मजकुरात ज्याचा हवाला दिलाय तो सूचीत सापडतच नाही. अशी सूची पाहिली की निबंध कितीही चांगला असला तरी वाचणाऱ्याचा विश्वास डळमळतो. म्हणून माझ्या हाताखाली काम करणाऱ्या प्रत्येकाला मी विषय ठरायच्या आधीच झोटेरो, म्हणजे संदर्भ जमवून त्यांची सूची करून देणारं सॉफ्टवेअर, बसवून घ्यायला लावते.

झोटेरो फुकट आहे आणि मुक्त स्रोत आहे. २००६ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठात ते सुरू झालं तेव्हा फायरफॉक्सला जोडायची एक पुरवणी होती, आता ते संगणकावर स्वतंत्रपणे चालतं. ब्राउझरला त्याची कनेक्टर नावाची छोटी पुरवणी जोडली की लेखाचं पान उघडं असताना एका क्लिकवर लेखक, शीर्षक, नियतकालिक, खंड, अंक, पानं आणि डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) संग्रहात जमा होतं. छापील पुस्तक हातात असेल तर जादूच्या कांडीच्या चिन्हावर जाऊन आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) टाकायचा. वर्ड, लिबरऑफिस आणि गूगल डॉक्स या तिन्हींत लिहिता लिहिता सायटेशन, म्हणजे मजकुरातला संदर्भाचा हवाला, घालता येतं आणि सूची आपोआप तयार होते.

खरी किंमत कळते ती स्टाइल, म्हणजे संदर्भ लिहायची ठरावीक पद्धत, बदलताना. एका विषयाला एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पद्धत) लागतं, दुसऱ्याला शिकागोच्या तळटिपा, अभियांत्रिकीवाल्यांना आयईईईचे चौकोनी कंसातले आकडे. सेटिंगमध्ये एक पर्याय बदलला की अख्खा निबंध नव्या पद्धतीत येतो. उपलब्ध स्टाइल १०,००० हून जास्त आहेत. एकाच लेखकाचे एकाच वर्षातले दोन लेख असतील तर वर्षापुढे अ-ब सारखी अक्षरं लावणं, तीन किंवा अधिक लेखक असतील तर एपीएच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे पहिल्याच उल्लेखापासून 'आणि इतर' करणं, हे सगळं ते न चुकता करतं. हाताने करताना नेमकं इथेच घोटाळे होतात.

पण झोटेरोला तुमचा लेख कळत नाही, त्याला फक्त रकाने कळतात. जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल घ्या. संस्थेचं नाव लेखकाच्या आडनाव आणि नाव अशा दोन रकान्यांत विभागलं गेलं, की एपीएच्या सूचीत 'ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.' असा कोणी लेखक अवतरतो. दरवर्षी हे महाशय मला भेटतात. उपाय साधा आहे: लेखकाच्या रकान्याशेजारचं छोटं बटण दाबून नाव एकाच रकान्यात घ्यायचं. तसंच एका नोंदीत 'जे. स्मिथ' आणि दुसरीत 'जॉन स्मिथ' राहिलं, तर झोटेरो त्यांना दोन वेगळी माणसं समजतं आणि मजकुरात आडनावाआधी उगाच आद्याक्षरं येऊ लागतात. काही संकेतस्थळांवरून शीर्षक सगळं मोठ्या अक्षरांत येतं. त्यावर उजवी क्लिक करून वाक्यासारखं रूप देता येतं, मात्र त्यानंतर विशेषनामांची मोठी अक्षरं हाताने परत द्यावी लागतात.

म्हणून माझा आग्रह असतो की चूक दिसली तर वर्डमध्ये सूचीवर हात मारू नका. संग्रहातल्या नोंदीत जा, रकाना दुरुस्त करा आणि परत येऊन रिफ्रेश करा. सूचीत थेट केलेली दुरुस्ती पुढच्या रिफ्रेशला पुसली जाते, आणि तीसुद्धा बहुतेक वेळा सादर करायच्या आदल्या रात्री. नोंद आली की लगेच मूळ लेखाच्या पहिल्या पानाशी ताडून बघायची सवय लावून घ्या.

पान क्रमांकाची सोय मला फार आवडते आणि विद्यार्थी ती सगळ्यात कमी वापरतात. सायटेशन घालताना नावाच्या बुडबुड्यावर क्लिक केलं की पान क्रमांक लिहायला जागा मिळते. वाक्यातच लेखकाचं नाव घेतलं असेल तर तिथेच लेखक वगळायचाही पर्याय आहे, त्यामुळे कंसात नुसतं वर्ष उरतं. शब्दशः अवतरण दिलं असेल तर पान क्रमांक हवाच. त्याशिवाय ते अवतरण पडताळायला मी तीनशे पानं चाळायची का?

कागदाची मांडणी मात्र झोटेरोच्या कक्षेत येत नाही. समास, मुखपृष्ठ, मजकुरातलं ओळींमधलं अंतर तुम्हालाच बघायचं आहे. एपीएच्या सातव्या आवृत्तीत विद्यार्थ्यांच्या निबंधाला पानाच्या डोक्यावर संक्षिप्त शीर्षक लागत नाही, आणि पुस्तकाच्या नोंदीत प्रकाशनाचं गाव द्यायचं नाही. जुने साचे हातोहात फिरत राहतात, त्यामुळे दोन्ही गोष्टी अजून दिसतात. झोटेरोच्या सर्व्हरवर फाइलींसाठी फुकट साठवण ३०० एमबी आहे. पीडीएफ भराभर जमवणाऱ्यांना ती लवकर संपते, पण नोंदींच्या सिंकला मर्यादा नाही. पाच-सहा संदर्भांच्या छोट्या निबंधासाठी काही बसवायचं नसेल तर त्यांचंच झोटेरोबिब ब्राउझरमध्ये चालतं. निबंध देताना सायटेशन साध्या मजकुरात बदलायची असतील तर आधी फाइलची प्रत ठेवा, कारण झोटेरोशी तोडलेला दुवा परत जोडता येत नाही.

एका गोष्टीसाठी मी झोटेरोची मनापासून ऋणी आहे. संग्रहातला एखादा लेख मागे घेतला गेला, तर मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या माहितीवरून झोटेरो लाल पट्टी दाखवून सावध करतं. तुमचा आधारच पोकळ आहे, हे परीक्षकाने सांगायच्या आधी तुम्हाला कळतं. हल्ली चॅटबॉटकडून संदर्भांची यादी घेऊन येणाऱ्यांना मी दुसरी चाचणी करायला सांगते. यादीतला प्रत्येक डीओआय कांडीच्या चौकटीत टाका. नोंद आलीच नाही, किंवा भलत्याच लेखाची आली, तर तो लेख ग्रंथालयातून मिळवून प्रत्यक्ष डोळ्यांखालून घालेपर्यंत तो संदर्भ निबंधात घेऊ नका.