एमलॅब्स: व्हॅलोरंटमधला नेम सुधारायला कितपत उपयोगी?

व्हॅलोरंट या नेमबाजीच्या ऑनलाइन गेममध्ये सिल्व्हर-गोल्ड रँकला अडकलेल्या खेळाडूला लॉबीतलं कुणीतरी हमखास सांगतं: एमलॅब्स टाक आणि रोज अर्धा तास ग्रिडशॉट खेळ. यातला पहिला अर्धा सल्ला घेण्यासारखा आहे, दुसरा टाळण्यासारखा. एमलॅब्स म्हणजे नेमाच्या सरावाचं सॉफ्टवेअर, आणि ग्रिडशॉट हा त्यातला एक सरावप्रकार. एमलॅब्स स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात फुकट मिळतं. पैसे भरून घ्यायचा वरचा प्लॅनही आहे, पण नेम सुधारण्यासाठी त्याची गरज पडत नाही. प्रश्न फक्त त्यातलं काय खेळायचं, किती खेळायचं आणि कुठे थांबायचं, एवढाच आहे.

सुरुवात सेटिंगपासून, कारण इथे चूक राहिली तर पुढचा सगळा सराव वाया जातो. एमलॅब्सच्या सेटिंगमध्ये गेम म्हणून व्हॅलोरंट निवडा आणि व्हॅलोरंटमधला सेन्सचा (माउस हलवल्यावर नजर किती वळते त्याचा) आकडा जसाच्या तसा टाका. दृश्याचा कोन 103 अंश आहे ना, हेही बघून घ्या. काउंटर-स्ट्राइकवरून येणाऱ्यांनी तिथला सेन्स 3.18 ने भागायचा. मग दोन्ही ठिकाणी खरंच तेवढीच हालचाल होते का, हे पट्टीने मोजा. व्हॅलोरंटच्या रेंजमध्ये, म्हणजे सरावाच्या मैदानात, एका खुणेवर क्रॉसहेअर (स्क्रीनच्या मध्यावरचं नेमाचं चिन्ह) ठेवा, माउस पॅडच्या कडेला लावा आणि एक पूर्ण गिरकी होऊन क्रॉसहेअर त्याच खुणेवर येईपर्यंत सरकवा. 800 डीपीआय (माउसची स्वतःची संवेदनशीलता) आणि 0.35 सेन्सला हे अंतर साधारण 46 ते 47 सेंटिमीटर भरतं, 0.4 ला जवळपास 41. एमलॅब्समध्येही तेवढंच भरायला हवं. फरक दिसला तर बहुतेक वेळा माउसवरचं डीपीआयचं बटण चुकून दाबलेलं असतं. गेमिंग कॅफेत तर बसल्या बसल्या आधी हीच तपासणी करावी, कारण तिथल्या माउसवर शेवटचा खेळाडू काय ठेवून गेला याचा भरवसा नसतो.

डीपीआय आणि सेन्सचा गुणाकार व्हॅलोरंटच्या व्यावसायिक खेळाडूंमध्ये साधारण 200 ते 400 च्या दरम्यान दिसतो. नवे खेळाडू बऱ्याचदा 1600 डीपीआयवर 0.8 ठेवतात, म्हणजे गुणाकार 1280 आणि पूर्ण गिरकी दहा सेंटिमीटरात. एवढ्या वेगात डोक्याएवढ्या लक्ष्यावर थांबणं मनगटाला शक्य नसतं आणि कितीही सराव केला तरी ते जमत नाही. एकदम खाली येऊ नका. 10 ते 15 टक्क्यांनी कमी करत चला आणि प्रत्येक टप्प्यावर निदान आठवडाभर राहा. सेन्स कमी केला की हात कोपरापासून हलवावा लागतो, म्हणून जागा लागते. होस्टेल किंवा पीजीमधल्या दोन फुटी टेबलावर कीबोर्ड तिरका केला तर 45 बाय 40 सेंटिमीटरचं पॅड बसतं, आणि तेवढं पुरतं.

आता ग्रिडशॉट. समोरच्या भिंतीवर तीन मोठे गोळे, एक फोडला की दुसरा येतो, साठ सेकंदांत जमतील तेवढे फोडायचे. खेळायला मजा येते आणि स्कोअर रोज वाढतो, म्हणूनच तो लोकप्रिय आहे. पण पुढचे दोन गोळे आधीच दिसत असतात, ते मोठे असतात आणि जागेवरून हलत नाहीत. हाताला सवय लागते झपकन सरकून ढोबळपणे क्लिक करायची. व्हॅलोरंटमध्ये शत्रू कोपऱ्याआडून येतो, क्रॉसहेअरपासून बहुतेक वेळा दोन-चार अंशांवरच असतो, आणि नेम धरायचा तो डोक्यावर. तिथे लागते ती छोटी, नेमकी दुरुस्ती. ग्रिडशॉट दोन फेऱ्या, हात मोकळा करायला, एवढाच ठेवा. त्याचा स्कोअर मित्राला दाखवण्यापलीकडे काही सांगत नाही.

खरी किंमत आहे ती सिक्सशॉट आणि मायक्रोशॉटची. सिक्सशॉटमध्ये लक्ष्यं अगदी बारीक असतात. मायक्रोशॉटमध्ये पुढचं लक्ष्य क्रॉसहेअरच्या जवळच उगवतं, त्यामुळे बोटांनी आणि मनगटाने करायची सूक्ष्म हालचाल घडते. स्पायडरशॉट मध्यातून कडेला आणि परत मध्यात नेतो. एका शत्रूला मारून अचानक बाजूच्याकडे वळायची ती तयारी. स्ट्रेफट्रॅकमध्ये आडव्या सरकणाऱ्या लक्ष्यावर क्रॉसहेअर चिकटवून ठेवायचा असतो. व्हॅलोरंटमध्ये चकमक पटकन संपते, म्हणून एपेक्स किंवा ओव्हरवॉच या गेमइतकी पाठलागाच्या नेमाची गरज पडत नाही, तरीही स्ट्रेफट्रॅक वगळू नये. डावी-उजवीकडे नाचणाऱ्या शत्रूवर मारताना आणि स्प्रे (सलग गोळ्यांची फैर) एकावरून दुसऱ्यावर नेताना हाताचा जो झटका बसतो, तो यानेच कमी होतो.

वीस मिनिटांत बसणारा क्रम असा ठेवता येईल: सिक्सशॉटच्या चार फेऱ्या, मायक्रोशॉटच्या चार, स्पायडरशॉटच्या तीन, स्ट्रेफट्रॅकच्या चार. प्रत्येक फेरी एक मिनिटाची, मध्ये पंधरा-वीस सेकंद हात सैल सोडायचा. एकाच प्रकारच्या दहा फेऱ्या सलग खेळल्या तर स्कोअर फुगतो, पण दुसऱ्या दिवशी तो टिकत नाही. आलटून-पालटून खेळलेलं जास्त टिकतं.

स्कोअरकडे कसं बघायचं हा मोठा मुद्दा आहे. एमलॅब्स वेग आणि अचूकता दोन्ही मोजतं, आणि नवखा खेळाडू पहिल्या दिवसापासून वेगाच्या मागे लागतो. सिक्सशॉटमध्ये अचूकता 85 टक्क्यांच्या खाली गेली की मुद्दाम हळू व्हा. सलग तीन फेऱ्यांत ती 95 च्या वर राहिली, तर तुम्ही गरजेपेक्षा जपून खेळताय. वेग वाढवा आणि थोड्या गोळ्या चुकू द्या. या दोन टोकांच्या मध्ये राहणं हाच सराव.

चुकीची जातही ओळखा. क्रॉसहेअर दोन्ही बाजूंना लक्ष्याच्या पुढे जात असेल तर सेन्स जास्त आहे किंवा माउस फार आवळून धरलाय. आधी पकड सैल करून बघा, बऱ्याच जणांचं तिथेच भागतं. दोन्ही बाजूंना अलीकडेच थांबत असेल तर हात दबकत चाललाय, किंवा पॅड ओलसर झालंय. एकाच बाजूला चूक होत असेल तर सेन्सला हात लावू नका. खुर्ची, कोपर आणि स्क्रीन एका रेषेत आहेत का ते पाहा. स्क्रीन तिरकी ठेवून बसणाऱ्यांना ही चूक हमखास होते.

पॅड ओलसर होणं ही पुण्यात जून ते सप्टेंबरची खरी अडचण आहे. कापडी पॅड हवेतला दमटपणा शोषून घेतं, माउस जड लागतो आणि खेळाडू सेन्स वाढवत बसतो. त्याऐवजी पॅड कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि पंख्याखाली आडवं ठेवून पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात एक दिवस पुरत नाही, दोन धरा. घामट हातासाठी कापडी बाही बरी पडते.

मशीनचा भाग थोडक्यात. 60 हर्ट्झच्या स्क्रीनवर एक चित्र 16.7 मिलिसेकंद टिकतं, 144 वर 6.9. हा फरक हाताला जाणवतो. पण 144 चा मॉनिटर घेऊनही विंडोजमध्ये तो 60 वरच ठेवणारे कमी नाहीत. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघा. व्ही-सिंक (चित्रांचा वेग स्क्रीनशी बांधणारी सेटिंग) दोन्हीकडे बंद. व्हॅलोरंट जुन्या लॅपटॉपवरही हलकं चालतं. एमलॅब्सचे काही नकाशे त्यापेक्षा जड आहेत, म्हणून ग्राफिक्स सगळ्यात खाली आणि साधी भिंत निवडा. फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी पडत असतील तर तो सराव हाताला चुकीचा वेग शिकवतो. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला, तर ग्राफिक्स कार्डची ताकद लगेच घटते. त्या वेळचा स्कोअर मोजू नका, आणि रँक्ड (रँक ठरवणारा सामना) तर अजिबात लावू नका. माउस बदलायचाच असेल तर पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, किंवा जवळच्या दुकानात प्रत्यक्ष हातात धरून घ्या. बोटं टोकापर्यंत पोचतात का आणि वजन हलकं आहे का, हे फोटोवरून कळत नाही. जीएसटीचं बिल मागून घ्या, वॉरंटीला तेच लागतं.

आणि आता एमलॅब्सची मर्यादा, जी स्कोअरच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. ते उभ्या-उभ्या नेम धरायला शिकवतं. व्हॅलोरंटमध्ये मात्र पळताना मारलेली रायफलची गोळी कुठेही जाते. नेम बरोबर, क्लिक वेळेवर, तरी गोळी डोक्याशेजारून गेली, असं वारंवार होत असेल तर दोष हाताचा कमी आणि पायांचा जास्त आहे. यासाठी व्हॅलोरंटची रेंजच हवी. क्रॉसहेअरच्या सेटिंगमध्ये हालचालीची चूक दाखवणारा पर्याय चालू करा. चालताना रेषा फाकतात, थांबलं की मिटतात. मग डावीकडे सरका, थांबा, एकच गोळी. उजवीकडे सरका, थांबा, एकच गोळी. की सोडली तरी खेळाडू लवकर थांबतो, उलट बाजूची की टिचकीएवढी दाबली तर आणखी थोडं लवकर. रेषा मिटण्याआधी क्लिक झालं तर ती गोळी वाया गेली असं धरा, बॉटला (संगणकाने चालवलेल्या लक्ष्याला) लागली तरी. दहा मिनिटं हे करा, बॉट मध्यम वेगावर ठेवून आणि फक्त डोक्यावर मारून. कठीण वेगावर सुरुवात केली तर थांबण्याची सवय मोडते.

डोक्यावरच का, याचं गणित साधं आहे. जड कवच घातलेल्या शत्रूकडे जीवाचे 150 गुण असतात. व्हँडल या रायफलची डोक्यावरची गोळी कुठल्याही अंतरावरून 160 काढते. अंगावरची 40, म्हणजे चार गोळ्या. फँटम ही दुसरी रायफल 20 मीटरच्या आत डोक्यावर 156 काढते, त्यापुढे 140, आणि शत्रू 10 वर जिवंत राहतो. लांबच्या कोपऱ्यांवर फँटम घेऊन ‘डोक्यात लागूनही मेला नाही’ म्हणणाऱ्यांचं उत्तर या आकड्यात आहे.

दुसरी मर्यादा क्रॉसहेअरच्या जागेची. एमलॅब्समध्ये लक्ष्य कुठे येणार ते भिंत ठरवते, सामन्यात ते नकाशा ठरवतो. एकट्याने कस्टम गेम उघडा, एसेंट या नकाशावर ए मेन या वाटेने जनरेटरकडे चालत जा आणि प्रत्येक कोपऱ्याला क्रॉसहेअर डोक्याच्या उंचीवर आहे का ते पाहा. खोक्यांच्या कडा, दारांच्या चौकटी, भिंतीवरच्या पट्ट्या या खुणा लक्षात ठेवा. वर हेवन या उंच जागेकडे बघताना उंची बदलते, तीही. रोज एका नकाशाची एकच बाजू घेतली तरी चालेल. ही जागा बरोबर असेल तर हाताला करायची दुरुस्ती एखाद-दोन अंशांवर येते, आणि मायक्रोशॉटमध्ये कमावलेलं तिथेच वसूल होतं.

म्हणून ज्यांचा एमलॅब्सचा स्कोअर महिनाभर चढतोय पण सामन्यातल्या हेडशॉटची टक्केवारी जागेवर आहे, त्यांनी एमलॅब्सचा वेळ दहा मिनिटांवर आणून उरलेला रेंज आणि नकाशाला द्यावा. टक्केवारी बघताना ऑपरेटर, शॉटगन आणि ओडिन या बंदुकांचे सामने बाजूला काढा, ते आकडा खाली ओढतात.

कोवाक्स या नेमाच्या सरावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरशी तुलना अटळ आहे. ते स्टीमवर विकत घ्यावं लागतं, खेळाडूंनी बनवलेले सरावप्रकार तिथे अफाट आहेत आणि नावाने शोधावे लागतात. नवख्याला पहिल्या दिवशी काय उघडायचं तेच कळत नाही. एमलॅब्स इथे सरस आहे. उलट, आपली पातळी शिस्तीने मोजायची असेल तर व्होल्टेइक या नेमाचा सराव करणाऱ्यांच्या गटाच्या चाचण्या दोन्हीकडे आहेत. क्लिक, पाठलाग आणि लक्ष्य बदलणं अशा तिन्ही बाबतीत त्या तुमची कच्ची बाजू उघडी पाडतात. एमलॅब्समध्ये तीन-चार महिने नियमित सराव झाल्यावर कोवाक्स घेऊन बघायला हरकत नाही. खरेदीनंतर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर स्टीम पैसे परत देतं, तेवढ्यात अंदाज येतो.

नेटचं बघायचं तर व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, पुण्याला ही मोठी सोय. फायबरवर तार लावून खेळलात तर पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारा वेळ) क्वचितच त्रास देतो. त्रास देतो तो सोसायटीतला 2.4 गिगाहर्ट्झचा वायफाय, जिथे शेजारच्या वीस राउटरची गर्दी असते. सरासरी पिंग चांगला दिसतो आणि मधूनच उडी मारतो. एमलॅब्समध्ये नेम झकास, सामन्यात शत्रू टेलिपोर्ट झाल्यासारखा. व्हॅलोरंटच्या आकडेवारीत पॅकेट लॉस (वाटेत हरवलेला डेटा) चालू करून ठेवा. तिथे शून्याव्यतिरिक्त काही दिसत असेल तर आधी पंधरा मीटर लॅन केबल आणा.

वय, रँक काहीही असो, मनगटाच्या आतल्या बाजूला मुंग्या किंवा दुखरेपणा आला तर त्या दिवशीचा सराव तिथेच बंद करा आणि खुर्चीची उंची तपासा: कोपर टेबलाच्या पातळीत किंवा किंचित वर हवं, मनगट पॅडच्या कडेवर दाबलेलं नको. दोन-तीन दिवस विश्रांती घेऊनही दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. सिक्सशॉटच्या फेऱ्या तोवर थांबू शकतात.