टॅमरॉन २८-२०० : वेरूळ, अजिंठा, पैठण फिरून आल्यावर

टॅमरॉनची २८-२०० ही सोनी कॅमेऱ्यांवर बसणारी झूम लेन्स विकत घेण्याआधी मी तीन दिवसांसाठी भाड्याने घेतली आणि आईला घेऊन छत्रपती संभाजीनगर गाठलं. बुधवारी वेरूळ, गुरुवारी अजिंठा, शुक्रवारी पैठण. (सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ, बेत आखताना ध्यानात ठेवा.) आईने सत्तरी ओलांडली आहे. मी बॅग उघडून लेन्स बदलत बसले की तिला उन्हात ताटकळावं लागतं. म्हणून या वेळी एकच लेन्स न्यायची, हे पक्कं होतं.

कोणती, ते जुन्या फोटोंनी सांगितलं. गेल्या चार वर्षांतले मनापासून आवडलेले फोटो काढून बसले आणि प्रत्येकाची फोकल लेंथ वहीत उतरवली (हा मिलिमीटरचा आकडा लहान तर चौकटीत जास्त मावतं, मोठा तर लांबचं जवळ येतं). निम्म्याहून जास्त २८ ते ५०च्या आत, मधे तुरळक, बाकीचे सगळे १३५च्या पुढचे. सोनीची २४-१०५ मला फार आवडते, कुठल्याही झूमला एफ ४ मिळतं (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त), पण ती १०५लाच थांबते, म्हणून वहीत बघितल्यावर बाजूला ठेवावी लागली. सोनीचीच २४-२४० पल्ल्याला पुरली असती. वजन मात्र ७८० ग्रॅम. टॅमरॉन ५७५ ग्रॅम. माझ्या सोनी ए७ थ्री कॅमेऱ्यासकट गळ्यात सव्वा किलो, दिवसभर झेपतं.

वेरूळला पैसे वसूल झाले. कैलास लेण्याच्या बाजूच्या कड्यावर उभं राहून २८ला देऊळ आणि अंगण घेतलं, आणि तिथूनच २००ला मंडपाच्या छतावरचं कमळ, त्याभोवतीचे चार सिंह. एका सिंहाच्या पाठीवर पारवा बसला होता. एफ ८ ठेवलं होतं; घरी मोठं करून पाहिलं तर सिंहाची झिजलेली आयाळ आणि पारव्याच्या मानेवरची हिरवी झाक, दोन्ही स्वच्छ.

खरी परीक्षा अजिंठ्यात. फ्लॅश चालत नाही, चालूही नये. नावात एफ २.८ असलं तरी ते ३१ मिमीपर्यंतच. ५४ला एफ ४ होतं, १४७च्या पुढे ५.६. शिवाय लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, सगळी भिस्त कॅमेऱ्यावर. पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर ५० मिमी, एफ ३.५, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० आणि शटर एक-पंधरांश. श्वास रोखून सहा फोटो घेतले, दोन स्थिर आले. त्यातल्या एकात खाली झुकलेल्या पापण्या आणि हातातलं निळं कमळ इतकं हळुवार उतरलंय की आईने तोच फ्रेम करायला सांगितला.

सव्वीसाव्या लेण्यात मात्र हात टेकले. महापरिनिर्वाणाची मूर्ती जवळपास सात मीटर लांब, आणि खांबांमुळे मागे सरायला जागा नाही. २८मध्ये डोकं घेतलं तर पाय जातात. दोन फोटो घेऊन जोडले. तिथे २४ हवं होतं, हे मान्य करायलाच हवं. आतली लेणी, वाडे, देवळांचे गाभारे हाच तुमचा मुख्य विषय असेल तर २४-१०५च घ्या.

पैठणला मला अनपेक्षित आनंद मिळाला. २८ला ही लेन्स १९ सेंटिमीटरवर फोकस करते, आणि हे अंतर सेन्सरपासून मोजतात, म्हणजे काचेपुढे जेमतेम चार बोटं. मागावरच्या ताईंनी आपणहून म्हटलं, “या की जवळ, घ्या.” हूडची (लेन्सपुढच्या कड्याची) सावली पदरावर पडत होती, तो काढला. पैठणीवरच्या मोराच्या गळ्यातला एकेक रेशमी धागा, त्याला खेटून जरीची तार, आणि कडेला त्यांचं धागा ओढणारं नख. या एका फोटोसाठी पूर्वी वेगळी मॅक्रो लेन्स नेली असती.

शनिवारी भाड्याची लेन्स परत केली आणि रविवारी नवी घेतली. तुमच्याकडे सोनीचा ए६४०० (लहान सेन्सरचा कॅमेरा) असेल तर मात्र ही घेऊ नका. त्या कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन नाही, आणि तिथे २८ म्हणजे जवळपास ४२ होतं. त्यावर सोनीची १८-१३५ लावून बघा; स्टॅबिलायझेशन लेन्समध्येच आहे आणि वजन फक्त ३२५ ग्रॅम.