बेअरफूट सूट, एका मोसमानंतर: पॅडिंगला पैकीच्या पैकी, चेनला भोपळा

बेअरफूट म्हणजे पायात स्की न घालता, बोटीने ओढलेल्या दोरीला धरून पाण्यावर अनवाणी घसरण्याचा खेळ. त्यासाठीचा साडेचारशे डॉलरचा सूट आणि त्याला नडला पाच डॉलरचा रनर, म्हणजे चेनची सरकणारी कडी. पडताना पाठ पाण्यावर आपटली की चेन मधोमध उघडते, मानेपासून कमरेपर्यंत पाणी भरतं आणि सुटाचं पोतं होतं. विकणाऱ्याचं म्हणणं असं की वॉरंटी फक्त शिवणीला. चेन ही 'झिजणारी वस्तू'. तरी सूट स्वखर्चाने पाठवा, बघून सांगू. जाण्यायेण्याचं कुरिअर आणि वर दुरुस्तीचा दर धरला तर तेवढ्यात पॅडवाली नवी चड्डी येते. दादरच्या फुटपाथवर बसणारा चेनवाला हे काम उभ्या उभ्या करून देतो. इथे फ्लोरिडात तो कुठून आणायचा?

आता सूट. आधी कौतुक, कारण ते खरंच आहे.

पॅडिंग कुठे हवं हे बनवणाऱ्याला नेमकं कळलंय. १९४७ साली इथल्याच विंटर हेवन गावात ए. जी. हॅनकॉक आणि डिक पोप ज्युनियर हे या खेळाचे पहिले गडी अनवाणी पाण्यावर उभे राहिले, तेव्हा निओप्रीनचे, म्हणजे फेसाळ रबराचे, सूट नव्हतेच. त्या काळी स्कीवरून पाय खाली उतरवून सुरुवात व्हायची, त्यामुळे बुडाला काही सोसावं लागत नसे. आता बहुतेक जण खोल पाण्यातून उठतात, म्हणजे उभं राहण्याआधी बराच वेळ बुडावर घसरतात. ताशी तीस-पस्तीस किलोमीटरला पाणी मऊ राहत नाही. साध्या वेटसूटमध्ये दोन-चार सुरुवातींनंतर माकडहाड बोलू लागतं. या सुटात बुडाखाली आणि कमरेला फोमचा जाड थर आहे, त्यामुळे दिवसभर सराव करून गाडीत नीट बसता येतं.

एक जागा मात्र उघडी राहिली आहे. छातीचा फोम आणि पाठीचा फोम काखेखाली भेटत नाहीत. मध्ये चार बोटांची नुसती निओप्रीनची पट्टी आहे. कुशीवर पडलं की मार बरोबर तिथल्या बरगडीला. बरगडी दुखावली की खोकतानाही कळ येते आणि आठवडे जातात. विकत घेताना काखेखाली अंगठा दाबून बघा.

मांड्यांमधून जाणाऱ्या पट्ट्यांबद्दल सुरुवातीला माझं मत वाईट होतं. काचतात, बकल टोचतं, घालायला वेळ लागतो. ते मत आता बदललंय, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. सुरुवातीला पाय बोटीच्या दिशेने असतात. म्हणजे पाणी आधी शिरतं ते गळ्यातून नाही, मांडीच्या भोकांतून. पट्टे सैल असले की सूट वर सरकतो, पायाची भोकं फाकतात आणि पाणी थेट आत घुसतं. हा गैरसोयीपुरता प्रश्न नाही. वेगात बुडावर पडल्यावर पाणी जोरात शरीरात शिरून आतड्याला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून सुटाखाली घट्ट निओप्रीनची चड्डी घालावीच. पट्टे उभं राहून आवळू नका. जमिनीवर गुडघे वाकवून, हात समोर ताणून बसा आणि मग आवळा. उभ्याने बरोबर वाटलेला पट्टा बसल्यावर दोन इंच सैल पडतो.

सूट चांगला असला तरी पद्धत चुकली तर अंग दुखणारच, म्हणून तेही लिहितो. शिकणाऱ्याने बोटीमागच्या लांब दोरीच्या नादी लागू नये. बोटीच्या खांबाला लावलेली, बाजूला पाण्यावर आलेली बूम वापरावी. बूमवर थोडं वजन हातांवर घेता येतं, आणि बोटीमागची लाट तिथे पोचत नाही. बूमवर हात बसला की तिलाच पाच फुटांची दोरी, आणि ते जमलं की मगच मागे.

आखूड दोरीवर क्रम असा. पाठीवर तरंगायचं, टाचा दोरीवर, डोकं मागे, कंबर वर. बोट हळूहळू वेग घेते तसं अंग पाण्यावर येतं. मग पोटाने उठून बसायचं, बुडावर तोल घ्यायचा, पाय दोरीवरून काढून तिच्या दोन्ही बाजूंना, खांद्यांइतक्या अंतरावर, टाचेकडून अलगद टेकवायचे. आता तीन ठिकाणी टेकू आहे: दोन पाय आणि बूड. इथे घाई करायची नाही. बोट पुरा वेग घेईपर्यंत असंच बसून राहायचं आणि वजन आपोआप पायांवर आलं की उठायचं. तेही अर्धंच, खुर्चीत बसल्यासारखं. हात सरळ, हँडल खाली, पायाची बोटं वर वळलेली, नजर क्षितिजावर.

तोंडावर फवारा येतोय? पाय फार पुढे आहेत किंवा फार जोरात रोवलेत. थोडे जवळ घ्या, गुडघे वाकवा. फार जवळ घेतले तर पायाची बोटं पाण्यात अडकतात आणि माणूस तोंडावर जातो. या खेळातली सगळ्यात वाईट पडझड तीच. हात वाकवून हँडल छातीशी ओढणारा पुढे झुकतो आणि त्याची गतही तीच होते. पाय बाजूला पळत असतील तर गुडघे फाकलेत. थांबायचं असेल तेव्हा हँडल सोडून मागे बसायचं. सुटाचं बूड त्यासाठीच जाड आहे. तोल गेलाच तर हातपाय पसरायचे नाहीत, अंगाचा गोळा करायचा.

वेगाचा ढोबळ हिशेब इथे सगळे वापरतात: वजन पौंडांत, त्याला दहाने भागा, त्यात वीस मिळवा, उत्तर मैलांत. ७५ किलोचा माणूस म्हणजे १६५ पौंड, म्हणजे साडेछत्तीस मैल, ताशी ५९ किलोमीटरच्या आसपास. ड्रायव्हरला दया येते आणि तो वेग कमी ठेवतो. हा दयाळूपणा महागात पडतो. कमी वेगात पाय खोल जातात, ओढ वाढते, मांड्या पेटतात आणि बोटं अडकायची शक्यता वाढते. बोटीच्या जुन्या काट्यावर विसंबू नका, जीपीएसवर बघा.

कानाचं सूट काही करू शकत नाही. कुशीवर पडल्यावर पाण्याच्या चपराकीने पडदा फाटू शकतो. पोहण्याचे प्लग आणि त्यावरून निओप्रीनची पट्टी, दोन्ही हवं. नुसता प्लग पहिल्याच आपटीत तळ्यात.

आता चेन. कुणी म्हणेल एवढ्याशा गोष्टीवर एवढं काय. पण चेन उघडली की सुटातल्या सगळ्या फोमचा उपयोग संपतो. आत शिरलेलं पाणी पुढच्या सुरुवातीला अंगाबरोबर ओढावं लागतं, बूड खाली बसतं आणि मघाचा तीन टेकूंचा तोल डळमळतो. माणूस समजतो आपली पद्धत बिघडली.

आधी दोष कुठे आहे ते बघा. चेन लावल्यावर रनरच्या मागे दाते पुन्हा सुटत असतील तर बहुतेक वेळा दाते शाबूत असतात, रनरचं तोंड फाकलेलं असतं. एखादा दात तुटला असेल तर मात्र पूर्ण चेन बदलावी लागते. रनर फाकतो तो बहुतेक वेळा पडल्यामुळे नाही, लावण्याच्या पद्धतीमुळे. पाठीवरची चेन आपली आपल्याला दिसत नाही, म्हणून लांब दोरी धरून ती तिरकी ओढली जाते. घट्ट सुटात दोन्ही कडा एकमेकींपासून दूर ताणलेल्या असतात आणि सगळा ताण रनरच्या ओठांवर येतो. दुसऱ्या माणसाने दोन्ही कडा हाताने जवळ आणून धराव्यात, खांदे मागे घ्यावेत आणि दोरी सरळ वर ओढावी. त्याआधी दातांतली वाळू जुन्या टूथब्रशने काढून मेणबत्ती घासावी. तेल नको, त्याला वाळू चिकटते.

तात्पुरता इलाज म्हणजे पक्कडीने रनरच्या दोन्ही बाजू अगदी हलक्या, आलटून पालटून दाबायच्या. जोर लावला तर रनर तडकतो. हे काही दिवस टिकतं. कायमचा इलाज नवा रनर. जुन्याच्या पाठीवर आकडा असतो, या सुटात १० आहे. पण नुसता आकडा जुळून भागत नाही. जाड, सुटे प्लास्टिकचे दाते असलेल्या चेनचा रनर वेगळा आणि वळणदार नायलॉन तारेच्या चेनचा वेगळा. १० नंबरचा असूनही बसत नाही. वरचा अडसर कटरने काढा, जुना रनर वर सरकवून बाहेर घ्या, नवा दोन्ही बाजूंचे दाते एकाच पातळीवर ठेवून घाला. एका दाताचाही फरक राहिला तर चेन पिळली जाते. वर अडसराऐवजी जाड नायलॉन दोऱ्याचे सात-आठ टाके. एवढं केल्यावर चेन आता आपटीला उघडत नाही. म्हणजे माल वाईट नव्हता, पाच डॉलरची कंजुसी होती, आणि त्याचा राग जास्त येतो.

राहिलेलं थोडक्यात. कोरडा सूट घालून पाहताना तो नको इतका घट्ट वाटला पाहिजे, भिजल्यावर निओप्रीन सैलावतं. बसून हात पुढे केल्यावर गळा आवळला तर लांबी कमी आहे. त्याच मापात 'उंच' मिळतो का विचारा, रुंदी वाढवू नका. फोम असला म्हणजे लाइफ जॅकेट झालं असं नाही. अशा कित्येक सुटांना कोस्ट गार्डची मान्यता नसते. आतलं लेबल वाचा आणि आपल्या राज्याचा नियम बघा. वाळवताना पातळ हँगरला खांद्यांवर लटकवू नका. ओल्या फोमचं वजन खांदे ओढतं. कमरेवर दुमडून जाड नळीवर, सावलीत, आधी उलटा आणि मग सुलटा.

पॅडिंगसाठी हाच सूट पुन्हा घेईन, पण सेलमध्ये. आणि पार्सल उघडल्यावर आधी रनरचा आकडा लिहून घेऊन एक जादा रनर मागवेन.