देवाला वाहायची शेवंती आठ महिने पितेय

शांघायला राहायला आले तेव्हा ऑफिसात जवळजवळ प्रत्येकाच्या काचेच्या बाटलीत फुलं तरंगताना दिसायची. नीट पाहिलं तर शेवंती! आपल्याकडे दसऱ्याच्या हारात असते तीच जात, फक्त पांढरी, छोटी आणि वाळवलेली. इथे तिला ज्यूहुआ म्हणतात. दिवसभर स्क्रीनसमोर बसून माझे डोळे चुरचुरायचे. शेजारच्या टेबलवरची सहकारी म्हणाली, "ही डोळ्यांना थंड." आई अगदी याच शब्दांत सब्जा पाजायची, म्हणून फेब्रुवारीत सुरुवात केली.

पहिलं पाकीट ऑनलाइन मागवलं आणि फसले. फुलं पांढरीशुभ्र होती, पण पाकीट उघडताच काडी ओढल्यासारखा वास नाकात गेला आणि चहा प्यायल्यावर घसा खवखवला. कीड लागू नये आणि रंग टिकावा म्हणून काही जण फुलांना गंधकाची धुरी देतात. ते पाकीट फेकून दिलं. मग शांघायजवळच्या वूझेन गावी फिरायला गेले होते तिथून आणली. तो भाग चज्यांग प्रांतातल्या तोंगश्यांगमध्ये येतो आणि चहासाठीच्या शेवंतीची हांगबाइज्यू ही जात तिथलीच. तिथे फुलं आधी वाफवतात, मग वाळवतात, त्यामुळे ती चपटी, एकमेकांना चिकटलेली असतात. रंग मळकट पिवळसर. वास मात्र किंचित कापरासारखा, कारण या फुलांच्या तेलात कापूर आणि बोर्निओल असतात. म्हणून मी कपावर झाकण ठेवते.

चिनी वैद्यकात हिला किंचित शीत मानतात. ताप-सर्दीची सुरुवात, डोकेदुखी, लाल झालेले डोळे यांवर देतात. डोळ्यांसाठी गोजी बेरी या छोट्या लाल वाळवलेल्या फळांबरोबर घालायची पद्धत जुनी आहे. चीनच्या औषधसंहितेत, म्हणजे औषधांचे निकष ठरवणाऱ्या सरकारी ग्रंथात, फुलांतल्या तीन घटकांचं किमान प्रमाण ठरलेलं आहे: क्लोरोजेनिक आम्ल ०.२० टक्के, ल्युटिओलिनचं ग्लुकोसाइड ०.०८० टक्के आणि डायकॅफिओइलक्विनिक आम्ल ०.७० टक्के. प्रयोगशाळेत हे घटक दाह कमी करताना दिसतात. पण संहितेतली मात्रा दिवसाला ५ ते १० ग्रॅम आहे आणि माझी पाच-सहा फुलं घरच्या काट्यावर जेमतेम २ ग्रॅम भरतात. म्हणजे मी पिते ते औषध नव्हे, पेयच.

डोळ्यांचं खरं सांगते. चुरचुर कमी झाली ती डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांनी, आणि दर थोड्या वेळाने खिडकीबाहेर पाहायची सवय लावल्याने. थेंब मध्ये दहा दिवस संपले होते. तेव्हा फुलांचा चहा चालू असूनही त्रास परत आला. चहाने एक गोष्ट मात्र नक्की केली. दुपारची तिसरी कॉफी सुटली आणि रात्री झोप लवकर लागायला लागली. यात कॅफिन नाही, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मे महिन्यात नणंद पुण्याहून आली. तिला गाजरगवताची जुनी अ‍ॅलर्जी आहे. मी कौतुकाने कप पुढे केला. दोन घोटांत तिचे ओठ चुरचुरले आणि संध्याकाळपर्यंत मानेवर पुरळ उठलं. शेवंती आणि गाजरगवत दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली. दोन्हींत सेस्क्विटर्पिन लॅक्टोन नावाची द्रव्यं असतात, आणि एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसरं बाधू शकतं. हे मला आधी वाचायला हवं होतं. ताईंना दोन दिवस गोळी घ्यावी लागली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. आपल्याकडे रानोमाळ गाजरगवत पसरलंय, म्हणून हे मुद्दाम सांगतेय.

आणि कृपा करून फुलबाजारातली शेवंती वाळवून पिऊ नका. ती हारासाठी पिकवतात, तिच्यावर फवारण्या खाण्याचा विचार करून झालेल्या नसतात.

माझी पद्धत: फुलं एकदा गरम पाण्याने विसळून ते पाणी ओतून द्यायचं, मग उकळी जरा निवलेलं ३०० मिली पाणी, झाकण, पाच मिनिटं. त्याच फुलांवर दुसऱ्यांदा पाणी घातलं की चव जास्त गोड लागते. नोव्हेंबरात नवी तोडणी होईल, तेव्हा पुन्हा वूझेनला जाऊन पाव किलो आणणार आहे. ताई दिवाळीनंतर परत येतायत. त्यांच्यासाठी गवती चहा आणि आलं घरात भरून ठेवलंय.